ऑस्ट्रेलियाचा प्रवास आखताना

ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाची आखणी करणाऱ्याने नकाशापेक्षा ऋतूंना अग्रमान द्यावा. कारण आपल्याकडे आषाढमेघ दाटून येतात तेव्हा तेथील उत्तरेकडचा डार्विन व काकडूचा मुलूख निरभ्र असतो, आणि नोव्हेंबर ते एप्रिल या पर्जन्यकाळात मात्र तेथील कित्येक रस्ते पाण्याखाली जातात. दक्षिणेकडील टास्मानियाचे पर्वत डिसेंबर ते फेब्रुवारी या उन्हाळ्यातच सुखाने हिंडता येतात. ही दोन्ही टोके एकाच सफरीत गाठण्याचा हव्यास व्यर्थ होय. मधला मुलूख पाहायचा तर डार्विनहून ॲडलेडला जाणारी, अफगाण उंटवाल्यांच्या स्मरणार्थ ‘द घान’ म्हटली जाणारी २,९७९ किलोमीटर धावणारी आगगाडी वाळवंटाचे विस्तीर्ण दर्शन घडवते. याच वाळवंटातला उलुरूचा खडक तेथील आदिवासी अनांगू लोकांना पवित्र असल्याने २०१९ पासून त्यावर चढण्यास मनाई आहे; प्रवाशाने पायथ्याची सुमारे दहा किलोमीटरांची प्रदक्षिणा आदरपूर्वक करावी.