लाँचचं इंजिन : पाण्याचा काटा बघतो, ऑइलचं काय?

जुलै संपत आला की राजिवडा, मिरकरवाडा, साखरी नाटे, हर्णे, कुठल्याही बंदरावर एकच धांदल दिसते. जाळी दुरुस्त होतात, रंग लागतो, बर्फाची बोलणी होतात. इंजिन मात्र दोनदा स्टार्ट करून बघितलं की झालं, असा समज. मग पहिल्याच फेरीला पंधरा-वीस मैलांवर इंजिन गरम होतं आणि घरची मंडळी फोनकडे डोळे लावून बसतात. तवक्कुल आपल्या जागी आहेच. पण या त्रासातला बराचसा भाग किनाऱ्यावरच टाळता येतो.

आधी हिशोब समजून घेऊया. डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातली ढोबळ मानाने एक तृतीयांश पंखा फिरवायला कामी येते, जवळपास तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्याने वाहून न्यावी लागते. १०० हॉर्सपॉवरचं इंजिन फुल चालत असेल तर ही पाण्यावर येणारी उष्णता साधारण ५० किलोवॅट. म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॅटचे २५ गिझर एकाच वेळी चालू! ती १० अंशांच्या फरकात समुद्रात सोडायची तर मिनिटाला साधारण ७५ लिटर खारं पाणी आत येऊन बाहेर पडलं पाहिजे. गाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकली आणि पाणी निम्मं झालं, की फरक दुप्पट होतो. त्यात मे महिन्यात आपल्या किनाऱ्याचं पाणीच मुळात ३० अंशांच्या आसपास असतं.

आपल्याकडच्या बऱ्याच लाँचमध्ये पाणी दोन असतात. इंजिनाच्या आत गोडं पाणी किंवा कूलंट फिरतं आणि कूलरमध्ये समुद्राचं खारं पाणी त्याची उष्णता घेऊन बाहेर पडतं. खारं पाणी खेचतो तो रबरी पात्यांचा इम्पेलर. हा बिचारा पाण्यावरच जगतो. कोरडा फिरला तर मिनिटभरात जळतो. दोन महिने एकाच जागी दाबून राहिल्यावर त्याची पाती वाकडी होऊन बसतात, म्हणून बंदीच्या काळात तो काढून ठेवावा आणि नवा हंगाम नव्या इम्पेलरवर सुरू करावा. जुना काढताना पाती मोजा. एखादं कमी असेल तर ते पुढे कूलरच्या तोंडाशी अडकलेलं असतं. ते शोधून काढल्याशिवाय नवा बसवून उपयोग नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. इंजिन गरम होतंय म्हटलं की बंदरावर हमखास एक सल्ला मिळतो, “थर्मोस्टॅट काढून टाक, थंड चालेल.” आमचं या सल्ल्याशी अजिबात पटत नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. बहुतेक डिझेल इंजिनांत तो ७० ते ८२ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. तोवर पाणी आतल्या आतच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की दोनपैकी एक होतं. काही इंजिनांत आतल्या फेऱ्याची वाट कायमची उघडी राहते, गरम पाणी कूलरकडे न जाता तिथल्या तिथे घुमतं आणि इंजिन उलट जास्तच तापतं. बाकीच्या इंजिनांत पाणी ५०-५५ वर राहतं, काटा बघून तांडेल खूश होतो, पण आत ऑइल कधी नीट तापतच नाही. डिझेल जळताना वाफ तयार होते, तिच्यातली थोडी ऑइलच्या टाकीत उतरते. ऑइल ९० ते ११० अंशांच्या आसपास चालत असेल तर ही वाफ उडून जाते. थंड राहिलं तर पाणी साठतं, न जळलेलं डिझेल मिसळतं, गाळ धरतो. इंजिन “थंड” चालतं आणि आतून झिजत जातं.

उलट बाजूही तितकीच वाईट. बेअरिंग आणि पिस्टनच्या खालच्या अंगाला पाणी पोहोचत नाही, तिथली उष्णता ऑइलच उचलतं. ते सतत १२० च्या वर राहिलं की पातळ होतं, प्रेशर उतरतं आणि ऑइल लवकर जळकं होतं. गंमत अशी, की त्याच वेळी पाण्याचा काटा ८५ वर अगदी शांत असू शकतो. भरलेलं जाळं तासन् तास ओढताना असंच होतं. सकाळी स्टार्ट केल्यावरही पाणी दहा मिनिटांत तापतं, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून काटा वर आला की लगेच फुल रेस देणं चूक. हलक्या लोडवर चालवत खाडीच्या बाहेर पडावं. परतल्यावरही चार-पाच मिनिटं मंद चालवूनच बंद करावं.

पाण्याच्या काट्याची आणखी एक फसवणूक आहे. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरं बोलतो. पाइप फुटून पाणी गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि आत इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. म्हणून काट्याइतकंच लक्ष सायलेन्सरमधून पडणाऱ्या पाण्याकडे हवं. आउटबोर्ड मशीन असेल तर मागून येणाऱ्या बारीक धारेकडे. तिथे समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरतं. अशा इंजिनांचा थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाचा, ६० किंवा त्याहूनही खालचा असतो, कारण त्याहून गरम झाल्यास क्षार आतल्या वाटांमध्ये थर धरतात. त्यामुळे ट्रकचा थर्मोस्टॅट “बसतोय” म्हणून तिथे बसवू नये.

समुद्रात काटा चढलाच तर आधी रेस कमी करा, गिअर न्यूट्रल करा आणि मागे पाणी पडतंय का बघा. पडत असेल तर दोन-चार मिनिटं मंद चालू द्या. पडत नसेल तर लगेच बंद करा, नांगर टाका, गाळणी उघडा. आणि टाकीचं झाकण उघडू नका! आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण फिरलं की क्षणात वाफ होऊन ते तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, मग जाड फडकं धरून हळूहळू उघडा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला चीर जाते.

रोज सकाळी ऑइलची पट्टी ओढून बघायची सवय लहान मुलाला लावावी तशी खलाशांना लावावी. ऑइल दुधाळ दिसलं किंवा न भरता पातळी वाढली, तर ऑइल कूलरची नळी फुटून किंवा गॅस्केटमधून पाणी शिरलेलं असतं. त्यानंतर एकदाही स्टार्ट करू नये, मग कितीही मासळी लागू दे. कूलरमधली जस्ताची कांडी निम्मी खाल्ली गेली की बदलावी, ती वाचवली तर समुद्र नळ्या खातो. नळ्या साफ करताना लोखंडी सळी घालू नये, लाकडी काठी बरी. आणि आत विहिरीचं पाणी नको, डिस्टिल्ड पाण्यात कंपनीने सांगितलेला कूलंट घाला. इथे बर्फाची भीती नाही, पण गंजाची आहे.

दुबई-कुवेतला असलेला भाऊ “काय पाठवू?” विचारतोच. या वेळी सेन्सरसकट ऑइल टेम्परेचरचा काटा मागवा. सेन्सर ऑइलच्या टाकीत किंवा कूलरच्या आधी बसवायला मिस्त्रीला सांगा, कूलरनंतर नको. पहिल्या आठवड्यात रिकामी लाँच, भरलेली लाँच आणि जाळं ओढताना पाणी-ऑइलचे आकडे लिहून इंजिनरूमच्या फळीवर चिकटवा. डिसेंबरमध्ये त्याच रेसवर ऑइल दहा अंश वर दिसलं, तर कूलर उघडायची वेळ झाली.