दोरा पारखून घ्या, मग सुई हाती धरा



आमच्या वस्त्यांमधून क्रोशाची सुई चालवणाऱ्या भगिनी थोड्याथोडक्या नाहीत. कुणी घरच्या शोकेससाठी रुमाल विणते, कुणी विहारातील बुद्धमूर्तीच्या मेजासाठी आच्छादन, तर कुणी मागणीप्रमाणे तोरणे आणि टोपरी करून संसाराला चार पैसे जोडते. साखळी, मुका खांब, खांब यांत त्यांचा हात धरणारे कुणी नाही. दुकानात गेल्यावर मात्र "स्वस्तातला दोरा द्या" एवढेच सांगितले जाते. आठ-पंधरा दिवसांची मेहनत पहिल्याच धुण्यात वाया जाते, त्याचे मूळ इथे आहे.

आच्छादन, रुमाल, तोरण यांना सुती दोराच हवा. त्यातही मर्सराइज्ड घ्यावा. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी १८४४ साली सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, त्यांचेच नाव या दोऱ्याला पडले. तो मजबूत असतो, चकाकतो आणि रंग चांगला धरतो. गुंड्यावर १०, २०, ४० असा क्रमांक असतो. आकडा मोठा तसा दोरा बारीक. शिकाऊ मुलीच्या हाती एकदम ४० नंबर देऊ नये; टाके दिसत नाहीत, पोरगी कंटाळते.

निफाडकडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा लेकरांच्या टोपऱ्यासाठी लोकर लागणारच. परंतु बाजारात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे सूत मेंढीचे नसते, अॅक्रिलिकचे असते. एक धागा चिमट्यात धरून पेटवून पाहा. केस जळाल्याचा वास येऊन चुरडणारी राख झाली तर खरी लोकर. कागदाचा वास आला तर सूत. वितळून कडक गोळी झाली तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिक धुवायला सोपे, खिशालाही परवडते, त्याला आमचा विरोध नाही. मात्र गरम भांड्याखाली किंवा मेणबत्तीजवळ ते चुकूनही ठेवू नये. तान्ह्या बाळासाठी फार केसाळ सूतही नको, तंतू तोंडात जातात.

सर्वात घात होतो तो रंगाचा. पंचशील ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे रंग एकत्र विणले आणि निळा पांढऱ्यात उतरला, की सगळे काम गेले. म्हणून प्रत्येक रंगाचा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. चार बोटांचा चौकोन विणून, धुऊन, तो किती आटतो हेही मोजावे. व्यापाऱ्याने स्वतः दोरा दिला असला तरी ही परीक्षा त्याच्यासमोरच करावी. एरवी रंग गेला की पैसे बाईचेच कापले जातात.

आमच्या नाशिकला सुताचा हिशेब काही नवा नाही. त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव ठेवली. पैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून गणित करून पाहिले. वर्षाचे २४०, वीसांना बारा-बारा. पै न पै जुळते! एवढी रक्कम एकट्या विणकरावर नव्हे, त्यांच्या श्रेणीवर विश्वासून सोपवली होती.

मग गल्लीतल्या पाच-सहा जणींनी एकत्र येऊन दोरा का घेऊ नये? मेन रोडला एकेक गुंडा मागण्यापेक्षा अख्खा खोका घेतला तर घासाघीस करता येते. शिवाय सगळा माल एकाच लॉटचा मिळतो. लॉट बदलला की तोच रंग किंचित निराळा येतो आणि मधोमध पट्टा दिसतो. वेष्टनावर लॉट नंबर, दोऱ्याचा क्रमांक आणि सुईचे माप छापलेले असते. ते वेष्टन, हातभर धागा गुंडाळून, काम गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत डब्यात जपून ठेवावे.