विद्यापीठाचा हिशेब कोणाकडे मागायचा?

आपल्या वर्धा जिल्ह्यातील मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन पुढे शिकायला निघते, तेव्हा घरची माणसे दोनच गोष्टी विचारतात. प्रवेश मिळाला का आणि शिष्यवृत्ती बसली का? तेथे शिकविणारे कोण आहेत, त्यांची नेमणूक कशी झाली, आपल्या मुलावर अन्याय झाला तर तक्रार कोण ऐकणार, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारीत नव्हतो. विहारातील अभ्यासवर्गात देवळी तालुक्यातील एका मुलीने विचारले, "काका, आमच्या विभागात सात जण शिकवतात. आपल्यातले एकही सर का नाहीत?" त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. नंतर कागद गोळा केले, जाणकारांना भेटलो. जे समजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, आपल्या जिल्ह्याचा संबंध दोन निरनिराळ्या विद्यापीठांशी येतो. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, वर्धा येथील बहुतेक महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला, म्हणजे आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला संलग्न आहेत. ते राज्याचे विद्यापीठ. त्याचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे चालतो आणि राज्यपाल त्याचे कुलपती असतात. दुसरे, वर्ध्याच्या टेकडीवरील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. ते संसदेच्या कायद्याने १९९७ साली उभे राहिले. ते केंद्राचे असल्यामुळे कुलगुरूंची नेमणूक राष्ट्रपतींच्या अधिकारात होते. येथे एक गंमत सांगितली पाहिजे. हिंदी विश्वविद्यालयात कुलगुरूंनाच 'कुलपति' म्हणतात. आम्ही पहिले पत्र 'मा. कुलपती' असे लिहिले ते राज्यपालांना उद्देशून, आणि ते पोहोचले भलत्याच टेबलावर. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठ राज्याचे की केंद्राचे, हे पाहून घ्यावे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. प्राध्यापकांची राखीव पदे बिंदुनामावलीवरून ठरतात. इंग्रजीत हिला रोस्टर म्हणतात. हिशेब साधा आहे. केंद्रात अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे. शंभरास पंधराने भागले की सहा पूर्णांक सहासष्ट येते, म्हणून सातवे पद अनुसूचित जातीचे. जमातींना साडेसात टक्के, म्हणून चौदावे पद त्यांचे. इतर मागासवर्गास २७ टक्के, म्हणून चौथे, आठवे, बारावे. पण ही मोजणी कोठून सुरू करायची, यातच सारी मेख आहे. संपूर्ण विद्यापीठातील सहायक प्राध्यापकांची १२० पदे एकत्र मोजली, तर अनुसूचित जातींना १८ पदे येतात. तीच मोजणी प्रत्येक विभागात वेगळी केली आणि विभागात चारच सहायक प्राध्यापक असले, तर सातवा बिंदू कधी येतच नाही. तीस विभाग असे असले तर तीसही ठिकाणी शून्य. कायदा मोडलेला नसतो, आणि आपला माणूसही आत गेलेला नसतो.

ही कल्पनेतील भीती नव्हे. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हेच एकक धरावे असा निकाल दिला, ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले आणि २२ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. देशभर विद्यार्थी आणि प्राध्यापक रस्त्यावर उतरले. तेव्हा मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला, व त्याच वर्षी संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांत विद्यापीठ हेच एकक ठरविले. म्हणजे आज केंद्रीय विद्यापीठाचे प्रमुख 'विभाग लहान आहे' ही सबब सांगू शकत नाहीत.

राज्यात टक्केवारी निराळी आहे. अनुसूचित जाती १३, जमाती ७, शिवाय विमुक्त, भटके, विशेष मागास व इतर मागास. येथे बिंदुनामावली विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. जाणूनबुजून आरक्षण डावलणाऱ्या अधिकाऱ्यास कैद व दंड यांची तरतूदही राज्याच्या आरक्षण कायद्यात आहे. ती वापरल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

बिंदू बरोबर असूनही पद रिकामे राहते, त्याची आणखी एक वाट आहे. जाहिरात निघते, मुलाखती होतात, आणि निकालात 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा पडतो. पीएच.डी., नेट, प्रकाशने सर्व असलेला उमेदवार दहा मिनिटांच्या मुलाखतीत अयोग्य कसा ठरतो, हे तो शेरा सांगत नाही. पद अनुशेषात जाते, तासिका तत्त्वावर कोणाला तरी बोलावून वर्ष काढले जाते. ही निवड समिती कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली बसते. म्हणून अनुशेषाचा जाब कारकुनाला विचारण्यात अर्थ नाही.

आपल्या बांधवांसाठी दाखल्याची एक बाब येथेच सांगतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर राज्याने बौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, परंतु केंद्राने आपल्याला अनुसूचित जातीत धरले ते १९९० च्या दुरुस्तीनंतर. केंद्रीय विद्यापीठात अर्ज करताना केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. राज्याचा दाखला जोडून अर्ज बाद झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. तहसील कार्यालयात जाताना हे आधी सांगावे.

दुसरा भाग भेदभावाचा. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद येथे रोहित वेमुलाने आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवीने जीवन संपविले. दोघांच्या माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समता विनियम कागदावरच आहेत. त्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभाव प्रतिबंधक अधिकारी असावयास पाहिजे, व तक्रारीचा निर्णय ६० दिवसांत झाला पाहिजे. परंतु संस्थेने काहीच केले नाही तर काय, यावर ते विनियम मुके आहेत. १३ जानेवारी २०२६ रोजी आयोगाने नवे विनियम काढले. त्यांत संस्थाप्रमुखालाच समता समितीचे अध्यक्ष करून जबाबदार धरले होते, आणि पालन न करणाऱ्या संस्थेच्या योजना व पदवी अभ्यासक्रम बंद करण्यापर्यंत तरतूद होती. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि २९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच विनियम चालू राहतील असे सांगितले. नव्या विनियमांत दोष असतील, ते दुरुस्त व्हावेत. पण संस्थाप्रमुखाच्या अंगाला काही लागणारच नसेल, तर कक्ष ही भिंतीवरची पाटीच राहते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वर्ध्यातही असा प्रसंग घडला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हिंदी विश्वविद्यालयाने सहा विद्यार्थ्यांना काढून टाकले. पंतप्रधानांना पत्रे लिहिण्याचा कार्यक्रम त्यांनी केला होता, आणि निवडणूक आचारसंहितेचा भंग झाला असे प्रशासनाचे कारण होते. कार्यक्रमात पुष्कळ जण असताना दलित व इतर मागास विद्यार्थ्यांनाच निवडले, असा त्या मुलांचा आक्षेप. बातमी देशभर गेली आणि चार दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. पुढे २०२४ मध्ये याच विद्यापीठाच्या प्रभारी कुलगुरूंची नेमणूक नागपूर खंडपीठाने रद्द ठरविली, तीही विद्यापीठातीलच एका ज्येष्ठ प्राध्यापकाच्या याचिकेवरून. ज्या विद्यापीठात भदंत आनंद कौसल्यायन यांच्या नावाचे बौद्ध अध्ययन केंद्र आहे, त्याच्या कारभाराकडे आपले लक्ष असू नये, हे बरे नाही. परदेशातही असेच घडले आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावाच्या मनाईत 'जात' हा शब्द घातला, तो विद्यार्थ्यांनी नेट लावून धरला म्हणून.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हे सर्वांत स्वस्त साधन. राज्याच्या विद्यापीठाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. एकच विषय घ्यावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवावा. केंद्रीय संस्थेला पोस्टल ऑर्डर चालते. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील. 'भरती का होत नाही?' असा प्रश्न विचारू नये, कारण 'का'चे उत्तर देण्यास ते बांधील नाहीत. तपासलेल्या बिंदुनामावलीची प्रत मागावी, रिक्त पदांची यादी व रिक्त झाल्याची तारीख मागावी, निवड समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागावे. उत्तरात गफलत दिसली तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते. त्यास चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

आणि अधिसभा. १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना बाबासाहेबांनी अधिसभेत मागासवर्गीयांचे प्रतिनिधी असावेत, असा आग्रह धरला होता. आज नागपूर विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव आहे. हे सदस्य भर सभेत कुलगुरूंना अनुशेषाबद्दल प्रश्न विचारू शकतात. पण मतदान करायचे तर पदवीधर म्हणून नाव नोंदवावे लागते, आणि आमच्या वस्तीत घरोघर विचारले तेव्हा पदवीधर भरपूर निघाले, नोंदणी केलेले बोटांवर मोजण्याइतके. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे येथेही असेल, असा बहुतेकांचा समज होता.

त्या मुलीच्या विभागाबद्दल आम्ही अर्ज केला. तिसाव्या दिवशी तीन पाने आली. राखीव पद होते, मंजूरही होते, त्यापुढे 'रिक्त' एवढाच शब्द. रिक्त कधीपासून, तो रकाना कोरा होता. दुसरा अर्ज त्या कोऱ्या रकान्याबद्दल आहे, आणि या वेळी तो त्या मुलीने स्वतःच्या सहीने दिला आहे.