परसातल्या कोंबड्या : रोग ओळखावा, लपवू नये

घरच्या दहा-बारा कोंबड्या म्हणजे बहुधा घरधनिणीची मिळकत. अंड्यांच्या पैशातून मीठ-मिरची येते, मुलांच्या वह्या येतात, अचानक पाहुणा आला तर बाजार गाठावा लागत नाही. असे भरलेले खुराडे एका आठवड्यात रिकामे झाले, तर ते नुकसान लहान म्हणता येत नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही खानापूर भागातले. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आठवड्याच्या बाजारातून आम्ही दोन कोंबड्या आणल्या आणि त्या रात्री घरच्या चौदा कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात डालल्या. सहाव्या दिवशी एक तलंग पंख पाडून कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी तीन बसल्या. हिरवी पातळ हगवण, तोंड उघडे टाकून श्वास, मग मान वाकडी. मर सुरू झाल्यावर ‘निदान चार पैसे तरी सुटतील’ म्हणून आम्ही घरच्या दोन धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या बाजारात विकल्या. उरलेल्या बारांतली एकच वाचली. पुढे शेजारच्या वाडीतही मर लागली. आम्ही विकलेल्या त्या दोन कोंबड्या कोणाच्या खुराड्यात गेल्या, हे आम्हांला कधीच कळले नाही. त्याची टोचणी अजून आहे, म्हणून हा लेख.

सकाळी खुराडे उघडताना

निरोगी कोंबडी दार उघडताच धावत बाहेर पडते. म्हणून शेवटी कोण येते, तिकडे लक्ष ठेवावे. डोळे मिटून, पिसे फुगवून बसलेली, दाण्याला न झोंबणारी कोंबडी आजारी समजावी. तुरा फिका किंवा निळसर पडला आहे काय, शेपटीखालची पिसे घाण झाली आहेत काय, हेही पाहावे. अशी कोंबडी त्याच क्षणी वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. दाणापाणी आधी निरोगी कोंबड्यांना द्यावे, आजारी कोंबडीकडे शेवटी जावे, आणि मग हातपाय साबणाने धुवावे.

मानमोडी आणि इतर रोग

वर सांगितलेला रोग म्हणजे राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. यावर औषध नाही. लस हाच उपाय. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत द्यावा. चार-पाच आठवड्यांचे झाल्यावर लासोटा पुन्हा द्यावी. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी टोचत राहावी. लस निरोगी पक्ष्यालाच द्यावयाची असते. टोचल्यावर थोडे दिवस कोंबडी मरगळते, अंडी कमी होतात. त्याने घाबरू नये.

लसीची अडचण अशी की एका कुपीत बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची लस असते, आणि ती पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवावे, आणि लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी. उन्हात तापलेली लस टोचणे आणि न टोचणे सारखेच.

पावसाळ्यात तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या तर तो देवीचा रोग जाणावा. डास तो पसरवतात. त्याचीही लस मिळते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते, तिचे मूळ ओल्या जमिनीत असते. खाली कोरडे तूस पसरावे, ओले झालेले रोज काढावे, आणि हगवणीत रक्त दिसताच दवाखान्यातून औषध आणावे.

खोडी की दुखणे?

कोंबडी वाईट सवयीला लागली म्हणून आपण तिला सुरी दाखवतो. पण पुष्कळदा खोड तिची नसते, व्यवस्थेची असते.

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात न शिरता झाडावर चढू लागल्या, तर रात्री दिवा घेऊन लाकडाच्या फटी पाहा. तांबड्या बारीक किडी फटीत दडतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. खुराडे रिकामे करून कढत पाण्याने धुवावे, उन्हात वाळवावे, फटींना चुना द्यावा. अंगणात कोरडी माती व राख यांचा ढीग ठेवावा. कोंबड्या त्यात लोळून आपल्या उवा आपणच झाडतात.

अंडी फोडून खाण्याची सवय बहुधा पातळ कवचाच्या फुटलेल्या अंड्यापासून लागते. शिंपल्यांचा चुरा एका वाटीत कायम ठेवावा. शिंपले नसतील तर अंड्यांची टरफले भाजून, अगदी बारीक करून द्यावी. चार-पाच कोंबड्यांमागे अंधाऱ्या जागी तूस घातलेली एक टोपली असावी, आणि अंडी दिवसातून दोनदा उचलावी.

एकमेकींची पिसे उपटणे हे दाटीचे आणि रिकामपणाचे लक्षण. कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवावयाच्या असतील, तर दर कोंबडीस निदान दोन चौरस फूट जागा हवी. हिरव्या पाल्याची जुडी टांगून ठेवली की चोचींना काम मिळते. रक्त आलेली कोंबडी लगेच वेगळी करावी, नाहीतर बाकीच्या तिला टोचून मारतात.

खुडूक होणे हा तर रोगच नव्हे. तिच्या नाकात पीस खुपसणे, तिला गार पाण्यात बुचकळणे हे निर्दय प्रकार सोडावे. पिल्ले हवी असतील तर दहा-बारा अंड्यांवर बसवावी. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. नको असतील तर खालून वारा लागेल अशा, पट्ट्यांच्या तळाच्या खोक्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावी. बहुधा तेवढ्याने ती ताळ्यावर येते.

बाजारची कोंबडी आणि मेलेली कोंबडी

बाजारातून आणलेली कोंबडी, सणासाठी कापावयाची असली तरी, घरच्या कोंबड्यांत मिसळू नये. पाळावयाची असेल तर निदान तीन आठवडे लांब ठेवावी. तिच्या अंगातला रोग त्या मुदतीत बहुधा बाहेर पडतो. आम्ही तेवढे केले असते तर आमच्या चौदा कोंबड्या राहिल्या असत्या.

मर लागल्यावर एकही कोंबडी विकू नये, कोणाला देऊ नये, घाईने कापून खाऊही नये. मेलेली कोंबडी ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून ती उचलावी, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी, आणि मुलांना व कुत्र्यांना तिथून लांब ठेवावे. एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर हात न लावता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला, आणि भारतातली ती पहिलीच वेळ होती. तो रोग माणसालाही लागू शकतो.

कळवले तर लोक काय म्हणतील, आपली अंडी कोण घेईल, ही भीती आम्हांलाही वाटली होती. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. आपल्या खुराड्यातली मर आपण शेजारणीला वेळेवर सांगितली, तर तिच्या कोंबड्या वाचतील. आणि पुढच्या खेपेस ती आपल्याला सांगेल.