पाचशेच्या नोटेत बुऱ्हाणपूर

घरातल्या तरुण मुलींच्या मोबाइलवर हल्ली कॉर्डोबा आणि ग्रनाडा ही दोन शहरं हमखास सापडतात. मशिदीतल्या लाल-पांढऱ्या कमानी, अलहंब्राच्या अंगणातलं संथ पाणी, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की मी एकटी गेले, फार थोड्या खर्चात गेले. मुली ते पाहतात आणि मोबाइल ठेवून देतात. व्हिसा, विमान, मुक्काम हे सगळं लाखाच्या घरात जातं; शिवाय ‘एकटी’ हा शब्द अम्मीसमोर उच्चारायचा कसा, हा वेगळाच प्रश्न.

अंदलुस पाहण्याची हौस आम्हालाही आहे. अल्लाहने योग आणला तर जाऊ. पण सावद्यासारख्या केळीच्या गावात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेला उतरून मुघल दरबाराकडे निघाला, तो खानदेशातूनच, तापीच्या खोऱ्याने पुढे गेला. रावेर त्याच्या वाटेवर होतं. त्याला गाठायचं होतं बुऱ्हाणपूर, कारण जहांगीर बादशहाचा मुलगा परवेझ तिथे होता आणि इंग्रजांना तिथे व्यापाराची परवानगी हवी होती. शहजाद्यासमोर जमिनीला डोकं टेकायला रोने नकार दिला. भेटींमध्ये मात्र दारूच्या बाटल्यांची पेटी होती, आणि शहजादा त्यातच गुंतला, असं रोने स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे त्या काळी युरोप चालत बुऱ्हाणपूरला येत होता. आपल्याला तर एसटीने तासा-दोन तासांत पोचता येतं.

आम्ही एकटीनेच गेलो. (एकटी असून ‘आम्ही’ लिहिण्याची मराठी लेखणीची ही जुनी सवय वाचक सांभाळून घेतील.) घरात पहिला प्रश्न आला तो मेहरमचा. तो टाळण्यासारखा नाही, म्हणून इथेच सांगतो. हनफी उलेमा शरई सफरीचं अंतर साधारण ४८ मैल, म्हणजे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटर धरतात. सावद्याहून बुऱ्हाणपूर पन्नासेक किलोमीटर. म्हणून तिथे नमाजही पूर्ण पढायची, कसर नाही. तरी आपापल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्यावं आणि घरच्यांना सांगून, सकाळी निघून मगरिबच्या आत परतावं. आमच्या घरचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: “तिथे तुझं काम काय?” फिरायला जाणं हे बाईचं काम असू शकतं, हे पटवायला हिशेबापेक्षा जास्त वेळ लागला.

हिशेब मात्र सोपा आहे. सावदा स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे आम्ही बस पकडली. अंकलेश्वर-बुऱ्हाणपूर रस्ता गावातूनच जातो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. चोरवडची सीमा ओलांडली की पुढचं भाडं पूर्ण. डबा घरचा, पाण्याची बाटली घरची. शहरात भागीदारीतली रिक्षा, फक्त लांबच्या एका फेरीसाठी स्वतंत्र रिक्षा ठरवली. भाडं बसण्याआधी बोलून घेतलं. पाचशेची नोट मोडून निघालो, आणि संध्याकाळी मावा जिलबीचा पुडा हातात असूनही पर्समध्ये काही उरलं होतं.

बुऱ्हाणपूर वसवलं खानदेशच्या फारुकी सुलतानांनी. खुलताबादला ज्यांचा मजार आहे त्या हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून शहराचं नाव, आणि तापीच्या पलीकडच्या तीरावरचं जैनाबाद हजरत जैनुद्दीन शिराजींच्या नावावरून. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला तेव्हा ही दोनशे वर्षांची सल्तनत संपली. आज शहर मध्य प्रदेशात आहे, पण बाजारात कान दिले तर हिंदी, उर्दू, मराठी एकाच दुकानात ऐकू येतात. राजधानी आपली होती आणि सीमा नंतर आली, हे आपल्या शाळकरी मुलांना कुणी सांगत नाही.

जामा मशीद बाजाराच्या मधोमध आहे. दर्शनी भागाला पंधरा कमानी, दोन्ही टोकांना मिनार, काळसर घडीव दगड. आदिलशाह फारुकी, म्हणजे राजा अली खान, यांनी ती सुमारे १५९० मध्ये पुरी केली. आम्ही जुहरच्या आधी, गर्दी नसताना गेलो आणि तिथल्या खादिमांना विचारलं की तो लेख कुठे आहे. ते जरा चकित झाले, मग त्यांनी दाखवला. मशिदीच्या आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात फारुकी घराण्याची वंशावळ आणि तिथी दिली आहे. मुसलमान सुलतानाने अल्लाहच्या घरात संस्कृत कोरून घेतलं आणि चारशेहून अधिक वर्षं नमाजी त्याच्यासमोर सजदा करत आले. आम्ही बराच वेळ तिथे उभे होतो. त्यावर भाष्य करावंसं वाटलं नाही, आताही वाटत नाही.

तापीच्या काठावरच्या शाही किल्ल्यात बराचसा भाग पडझडीचा. हमामखान्याचं छत मात्र पाहावं, रंगीत नक्षी अजून टिकून आहे. हमाम मुमताज महलसाठी बांधला, असं गाइड सांगतात. मुमताजचं नाव निघालं की लोक लगेच ताजमहालावर जातात. आम्हाला तिथे उभं राहून दुसरंच आठवलं. १६१२ मध्ये तिचा निकाह झाला, आणि जून १६३१ मध्ये याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात, ती वारली. वय अडतीस. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं, त्यातली निम्मी मुलं हयात राहिली. मुलगी गौहर आरा जगली, आई गेली. नंतर तीन-चार वर्षांतच तिच्या मुलाची, शाहशुजाची बेगम बिल्किस हीसुद्धा बाळंतपणातच गेली. तिची खरबुजाच्या आकाराची देखणी कबर याच शहरात आहे. हकीम, दाया, खजिना सगळं हाताशी होतं, तरी. आमच्या खानदेशातल्या आज्याही अशाच मोजायच्या: झाली इतकी, राहिली इतकी. ताजमहालाला प्रेमाची निशाणी म्हणायला हरकत नाही, पण बुऱ्हाणपुरात आलं की त्या निशाणीमागची बाई दिसते.

तिला आधी जैनाबादच्या बागेत, आहूखान्यापाशी दफन केलं होतं. सहाएक महिन्यांनी मय्यत आग्र्याला नेली. आहूखाना आज उजाड आहे. नदीपलीकडे, वस्तीपासून दूर. एकट्या बाईने तिथे दुपार टळल्यावर जाऊ नये. आम्ही रिक्षावाल्या चाचांना थांबवून ठेवलं आणि फातिहा पढून परतलो.

खरा वेळ द्यावा तो कुंडी भंडाऱ्याला. ‘खुनी भंडारा’ असंही म्हणतात, नावाने बिचकू नये. शहराबाहेर लालबागच्या बाजूला, विहिरींच्या तोंडांची एक रांगच रांग शेतांतून जाते. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमाराला, अब्दुर्रहीम खानखानान इथले सुभेदार असताना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या भुयारात गोळा करायचं आणि फक्त उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचं. ना मोट, ना रहाट. वरच्या विहिरी हवेसाठी आणि सफाईसाठी. इराणात याला कनात म्हणतात. हीच विद्या अरबांबरोबर स्पेनमध्ये गेली आणि मुसलमानांनी वसवलेल्या माद्रिद शहराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशाच भुयारांचं पाणी प्यायलं. अलहंब्राच्या अंगणातल्या पाण्यावर भाळणाऱ्या मुलींना ही भावंडं दाखवायला हवीत.

लिफ्टने ऐंशी फूट खाली जाता येतं. (ती सुरू आहे का, ते आधी विचारावं.) खाली गारवा, पायांखाली नितळ पाणी, आणि भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. हे थर साचत जातात आणि झरे बुजत जातात. मार्च २०२४ मध्ये भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, ही आनंदाची गोष्ट. पण यादीने पाणी मुरत नाही. वर जमिनीत पाणी उरलं तरच खाली येईल.

इथे आम्हाला आमचा रावेर-यावलचा पट्टा आठवल्यावाचून राहिला नाही. त्याच सातपुड्याचं पाणी, तीच तापी. केळीने गावात पैसा आणला, सावद्याच्या स्टेशनातून दिल्लीला केळीच्या वाघिणी गेल्या, घरं पक्की झाली, मुलं शिकली. पण बोअर दरवर्षी खाली जातं, आणि शेजारच्याने खोल नेलं की आपणही नेतो. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पाणी ओढण्याऐवजी त्याला वाट करून दिली होती. आमच्या घरच्या शेतकऱ्यांना हे आम्ही रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी विचारलं, “भुयारात पाणी किती होतं?” म्हटलं, पायाला लागेल इतकं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

उतावळी नदीकाठी खानखानान यांचा मुलगा शाहनवाज खान याचा मकबरा आहे, काळ्या दगडाचा, म्हणून लोक त्याला काला ताजमहाल म्हणतात. घाईत असाल तर हा सोडू नका. किल्ल्यातला एखादा पडका दरवाजा सोडा. दाऊदी बोहरा भावंडांची दरगाह-ए-हकीमी याच शहरात आहे. तिथली स्वच्छता आणि शिस्त पाहून आपल्या दर्ग्यांच्या विश्वस्तांनी एकदा तरी तिथे सहल काढावी. खाण्यात मावा जिलबी गरमच खावी, घरी आणेपर्यंत ती जड होते. दराबा मात्र टिकतो. आणि मांडे पाहून कुणी चकित होऊ नये, आपल्या खापरावरच्या मांड्यांचे ते नातलगच.

असीरगड त्याच दिवशी उरकायचा विचार करू नका. तो खांडव्याच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर पुढे आहे, चढण आहे, आणि तिथल्या मशिदीसाठी एक सकाळ राखावी लागते. आमच्या भाचीने त्यासाठी पुढचा महिना ठरवला आहे, मैत्रिणीबरोबर. तिच्या अम्मीचं अजून हो-नाही चाललं आहे.