गाठ शोधायला मोठा डॉक्टरच हवा का?

स्तनाची तपासणी म्हणजे मोठं हॉस्पिटल आणि मोठा डॉक्टर, ही समजूत नाशिक शहरातही ऐकू येते आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरही. ती चुकीची आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक महिलांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हाताने तपासणी झाली, आणि ती करत होत्या खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. 2021 मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग 37 टक्के होते, दुसऱ्या गटात 47. पन्नाशी गाठलेल्या महिलांमधले स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण महिलांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायलाच हवं.

मग सिस्टरने हात फिरवला की झालं? मुळीच नाही. मधल्या तीन बोटांची टोकं नव्हे, पेरं वापरायची. आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब, लहान लहान गोल फिरवत. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत, हात न उचलता, शेवटी काख. नजरेनेही पाहायचं: त्वचेला खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का. हे पुस्तकातून येत नाही. गाठी बसवलेल्या सिलिकॉनच्या नमुन्यावर बोटं पुन्हा पुन्हा फिरवावी लागतात.

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढताना, दाबल्याने कर्करोग पसरतो, ही भीती तर फारच खोलवर रुजलेली. दाब काही सेकंदांचा असतो. त्याने स्तन पातळ पसरतो, किरण कमी लागतात, चित्र स्पष्ट येतं. दुसरा गैरसमज असा की सगळं मशीनच करतं. प्रत्येक स्तनाची दोन चित्रं घेतात. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू बोंडाच्या पातळीपर्यंत दिसला पाहिजे. तंत्रज्ञाने स्तन नीट पुढे घेतला नाही, तर छातीलगतचा भाग चित्राबाहेर राहतो आणि जे चित्रातच नाही ते कोणता तज्ज्ञ वाचणार? “मावशी, काखेत पावडर लावलीय का?” हा प्रश्नही तंत्रज्ञाच्या कामाचाच भाग आहे, कारण पावडरीचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

सोनोग्राफी मात्र सिस्टरने करायची नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे ते यंत्र पात्र डॉक्टरच चालवू शकतात.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी हाताने तपासणी ठरलेली आहे, तीही गावाजवळच्या आरोग्य केंद्रात. तिथे गाठ लागली म्हणजे कर्करोगच, असं नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण न दुखणारी गाठ निरुपद्रवी, हेही खोटं. सुईने तुकडा काढल्यावर रोग पसरतो, या धास्तीने कित्येक बाया पुढे येत नाहीत. वस्तुतः त्या तपासणीशिवाय निदान पक्कं होत नाही. म्हणूनच सिस्टरच्या प्रशिक्षणात पुढे पाठवण्याची चिठ्ठी लिहिण्याइतकाच पाठपुरावाही शिकवायला हवा: सुरगाण्याहून पाठवलेली बाई नाशिकला पोहोचली का, कापणीमुळे थांबली का, सोबत यायला घरात कुणी होतं का.