डोंगर चढणाऱ्या नावा : फ्रान्सचा मिदी कालवा

आपणांकडे कालवा म्हटला म्हणजे पाट, चाऱ्या व पाणीपाळी हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. फ्रान्स देशांत मात्र हजारों किलोमीटर लांबीचे कालवे मुख्यतः नावा चालविण्याकरितां खणलेले आहेत. त्यांतील अत्यंत प्रसिद्ध जो मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा, त्याची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. कालवा नावांचा असला तरी त्याचें मर्म पाण्याच्या हिशेबांत आहे, आणि तो हिशेब शेतकऱ्याइतका दुसरा कोण जाणणार?

हा कालवा तुलूज शहरापासून भूमध्य समुद्राकांठच्या सेत बंदराजवळील खाऱ्या सरोवरापर्यंत सुमारें २४० किलोमीटर जातो. तुलूजहून गारोन नदी अटलांटिक महासागराकडे वाहते. अर्थात् नदी व कालवा मिळून दोन समुद्र जोडले गेले. तत्पूर्वीं जहाजांतून माल न्यावयाचा तर संबंध स्पेन देशास वळसा घालावा लागे.

अडचण अशी कीं, वाटेंत नोरूझ नांवाचा उंचवटा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें १८९ मीटर. तुलूजकडून सुमारें ५७ मीटर चढावें लागतें व पलीकडे समुद्रापर्यंत सर्व उतार. पाणी तर चढ चढत नाहीं. मग नाव चढते कशी? याकरितां कालव्याच्या पायऱ्या केलेल्या आहेत, व प्रत्येक पायरीवर दोन्ही टोकांस दरवाजे असलेला एक हौद आहे. नाव खालच्या दरवाजानें हौदांत शिरते. तो दरवाजा लावून वरच्या दरवाजाच्या झडपा उघडल्या म्हणजे वरचें पाणी हौदांत येतें व त्याबरोबर नाव उचलली जाते. दोन्ही पाणी समपातळीस आलें कीं वरचा दरवाजा उघडतो व नाव पुढें जाते. उतरतांना हाच क्रम उलट. बेझिए शहराजवळ फोन्सेरान येथें असे मूळचे ८ हौद एकास एक लागून असून त्यांनीं सुमारें २१ मीटर चढ साधला आहे. हौदांच्या भिंती लंबगोल आहेत. कारण आरंभीं बांधलेली सरळ भिंत मातीच्या रेट्यानें ढासळली, आणि कमानीसारखी वांकविलेली भिंत तो रेटा सोसते.

आतां हिशेब पाहा. नाव चढो वा उतरो, दर खेपेस हौदभर पाणी वरून खालीं जातें. माथ्यावरून दोहों बाजूंस असा खर्च चालू असतां तेथें अखंड आवक नसेल, तर कालवा चार दिवसांत कोरडा पडावयाचा. हें कोडें पिएर-पोल रिके यानें सोडविलें. हा गृहस्थ शिल्पशास्त्री नव्हता. मिठावरील सरकारी कराचा मक्तेदार होता. उत्तरेकडील काळ्या पर्वतांतील ओढे चरांनीं वळवून त्यांचें पाणी नोरूझच्या माथ्यावर आणावें, अशी त्याची योजना. चौदाव्या लुई राजानें १६६६ मध्यें फर्मान काढून ती मान्य केली. पावसाळी पाणी उन्हाळ्यास पुरावें म्हणून सें-फेरेऑल येथें १६६७ ते १६७२ या काळांत मोठें धरण बांधलें. त्यांत ६० लक्ष घनमीटरांहून अधिक पाणी मावतें.

या कामीं रिकेनें आपली संपत्ति ओतली व तो कर्जांत बुडाला. १६८० मध्यें त्याचा अंत झाला. पुढील वर्षींच, १६८१ मध्यें, कालवा खुला झाला. ओढ्यांच्या पुरांनीं तो गाळानें भरूं लागला, तेव्हां १६८६ नंतर व्होबां या सेनापति-स्थपतीच्या सल्ल्यानें कित्येक ओढे कालव्याखालून काढून दिले.

धान्य व द्राक्षमद्य हा येथील मुख्य माल. कांठावरून घोडे दोरानें नावा ओढीत. पुढें आगगाडी आली आणि १८५८ मध्यें कालव्याचा ताबा ४० वर्षांच्या करारानें रेल्वे कंपनीकडेच गेला. प्रतिस्पर्ध्याच्याच हातीं किल्ली गेल्यावर नावांचें काय व्हावयाचें? शेवटीं १९८० नंतरच्या दशकांत मालवाहतूक बंद पडली. आज प्रवासी भाड्याच्या होड्या घेऊन ताशीं फार तर ८ किलोमीटर वेगानें हिंडतात. हौदापाशीं आली पाळी पाहत थांबावें लागतें. तेथें घाई चालत नाहीं.

परंतु दोन चिंता आहेत. कांठावरील सुमारें ४२ हजार प्लेन वृक्षांची सावली हें या कालव्याचें भूषण होतें. २००६ मध्यें त्यांत एक बुरशीजन्य रोग आढळला. तो मुळांवाटे, पाण्यावाटे व नावांच्या घासण्यानेंही पसरतो. औषध नसल्यामुळें हजारों वृक्ष तोडून जाळावे लागले, व त्यांच्या जागीं निरनिराळ्या जातींचीं झाडें लावण्यांत येत आहेत. एकच जात सलग लावण्याचा धोका बागाईतदारांस निराळा सांगावयास नको. दुसरी चिंता पाण्याची. याच कालव्याचें पाणी आतां शेतीसही दिलें जातें, आणि अवर्षणांत तेंच पाणी पिकांस द्यावें कीं नावांस, हा प्रश्न उभा राहतो.

साडेतीनशें वर्षांपूर्वीं रिकेनें प्रथम माथ्यावरील पाण्याची तजवीज केली व मग कालवा खणला. खालचें बांधकाम कितीही सुबक असो, वरची आवक व वांटणीची शिस्त नसेल तर तें व्यर्थ होय. पाट काढणाऱ्या प्रत्येक गांवानें हें ध्यानीं ठेवावें.